फिरतूरामच्या डोक्याचं तेल

करवतीच्या पात्याला काय लावायचं आणि काय लावायचं नाही, हे लोकांना सांगण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. त्यातली निम्मी वर्षं लोक आधी विचारायचे, "भैया नहीं हैं क्या?" दुकानात मी एकटीच असायचे. मी म्हणायचे, "भैया नहीं हैं, मैं ही हूँ, बोलिए." मग ते थोडा वेळ माझ्यामागच्या फळ्यांकडे बघत उभे राहायचे. डब्यांच्या आडून भैया निघेल, असं त्यांना वाटत असावं.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'महिला उद्योजिका' म्हणून काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या, असं संपादकबाईंनी सांगितलंय. प्रेरणा वगैरे माझ्याकडे नाही, हे मी त्यांना तेव्हाच बोलले. गुडघे गेलेत, नखांतलं काळं बत्तीस वर्षांत निघालं नाही, आणि या दिवाळीनंतर मी दुकान बंद करतेय. घ्यायला कोणी नाही. भाच्याला विचारलं, तर त्याने मराठी नीट ऐकून घेतलं आणि हिंदीत नाही म्हणाला. त्यामुळे प्रेरणा बाजूला ठेवून एक गोष्ट लिहिते. ती लिहायची हिंमत व्हायला सात-आठ वर्षं लागली.

आमचं दुकान रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या अलीकडे. बाबांनी सुरू केलं तेव्हा आसपास आरा मशीनच आरा मशीन होत्या, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरण्या. त्यांना लागणारं तेल, ग्रीस, पट्टे, मशीन पुसायच्या चिंध्या, पॉलिशवाल्यांना लागणारं थिनर, असा आमचा माल. भाऊ पुण्याला गेला, बाबांचा हात थरथरायला लागला, म्हणून मी तात्पुरती गल्ल्यावर बसले. ते तात्पुरतं अजून चालू आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तेल म्हणजे तेल. लोखंड कापणारी मशीन तेलात न्हाली तरी चालते, लाकडाच्या मशीनचं तसं नाही. तिथे दिवसभर भुसा उडतो आणि जिथे ओलं तेल दिसेल तिथे जाऊन बसतो. उघड्या स्क्रूवर कोणी प्रेमाने ग्रीस थापलं की आठ दिवसांत त्याची कणीक होते आणि महिन्याभरात वीट. तिथे मेण लावायचं, साधी मेणबत्ती घासली तरी पुष्कळ. पात्याला सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाची राळ चिकटली की पातं तापतं आणि लाकूड करपल्याचा वास सुटतो. लोक ती राळ छिन्नीने खरवडतात आणि पात्याचे दात मोडून घेतात. खरं तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, एक ब्रश आणि मागोमाग कोरडं फडकं, एवढ्यात काम होतं. रंधा मशीनचा पाट बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. पावसाळ्यात त्यावर ओलं फडकं विसरलात तर सकाळी फडक्याचा अख्खा नकाशा गंजात उमटलेला असतो. आणि मोटारीतून काढलेलं काळं तेल कुठेच लावू नका. ते फुकट मिळतं म्हणून लावतात आणि मग सागवानावर पडलेले डाग घेऊन माझ्याकडे येतात.

माझं सगळं ज्ञान एवढंच. शिकायला आठवडा पुरे. लोकांच्या गळी उतरवायला बत्तीस वर्षं घालवली, तरी पुरतं उतरलं नाही.

बिरगावकडचा एक मिलवाला होता, भला माणूस. विश्वकर्मा पूजेला त्याने रात्रंदिवस दिवा तेवत ठेवला होता. दिव्यातलं उरलेलं तिळाचं तेल त्याने दुसऱ्या दिवशी गिअर बॉक्समध्ये ओतलं. दोन महिन्यांनी मशीन अडकली. झाकण उघडलं तर आत तेल नव्हतंच, गुळाच्या पाकासारखं काहीतरी होतं. खायचं तेल तापलं की घट्ट होतं, मशीनला चालत नाही, हे मी त्याला सांगायला लागले, तर तो हात जोडून म्हणाला, "दीदी, भगवान का तेल था, फेंकता कैसे?" चार दिवस रॉकेलने धुऊन मिस्त्रीने तो पाक काढला. पुढच्या वर्षी मिलवाल्याने दिवा लहान लावला, हीच माझी कमाई.

विश्वकर्मा पूजा आमच्याकडे सप्टेंबरात. त्या दिवशी एकही मशीन चालत नाही. आदल्या दिवसांत सगळी धुऊन-पुसून लखलखीत करायची, मग टिळा, फूल, नारळ. छिन्नीपासून मोठ्या आऱ्यापर्यंत सगळ्यांना. त्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नसते. जो तो विचारतो, दीदी, मशीन चमकाने का क्या है?

मनोहरदादांचा फर्निचरचा कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. आपलाच मराठी माणूस, बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक. सुरुवातीला माझ्याकडे कोणी येत नव्हतं तेव्हाही ते यायचे आणि भैया कुठे आहे असं कधी विचारायचे नाहीत. त्या वर्षी पूजेच्या चार दिवस आधी आले ते मोठ्या उत्साहात.

"ताई, यावर्षी मशीन अशी पायजे का त्यात तोंड दिसलं पायजे. नवा रायपूरच्या ऑफिसचं काम भेटून राहिलं मले. दरवाजे, टेबलं, सगळं. तिथले साहेब पूजेले येऊन राहिले."

"दादा, तोंड पाहाले आरसा घ्या. मशीनले मेण लावा."

"मेण तं दरवर्षीच लावतो. काही नवं नाही आलं काय तुमच्याकडं?"

नवं आलेलं होतं. एक फिरता विक्रेता सिलिकॉनच्या फवाऱ्याचे डबे ठेवून गेला होता. रबराला, काचेला, दाराच्या पट्ट्यांना मारायचं, फडकं फिरवलं की चकाकतं आणि हात लावला तर हात सरकतो. कुठलाही नवा डबा विकण्याआधी त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचायचं, ही बाबांची शिस्त होती आणि मीही ती पाळत आले होते. त्या दिवशी काउंटरवर दहा माणसं ओरडत होती. मी सहा डबे काढून दिले.

पूजा झोकात झाली. मीही गेले होते. रंधा मशीनचा पाट खरोखर असा झळकत होता की त्यात झेंडूच्या माळा दिसत होत्या. साहेब खूश झाले. दादांनी चारचौघांत सांगितलं, "हे सगळं आमच्या ताईचं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता फिरतूरामबद्दल सांगते. दादांच्या कारखान्यात तो पॉलिश करायचा, पंचवीसेक वर्षं. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, पण डोक्यावर केस, त्याच्या छत्तीसगडीत चुंदी, असे की तरुणाने हेवा करावा. रोज सकाळी तो त्या केसांना खोबरेल चोपडायचा, भांग पाडायचा आणि कामाला लागताना वर गमछा बांधायचा. माझ्याकडे थिनर आणि चिंध्या न्यायला आला की काउंटरच्या काचेत बघून खिशातला कंगवा एकदा फिरवल्याशिवाय निघायचा नाही. मी चिडवायचे, "फिरतू भैया, किसको दिखाना है?" तो म्हणायचा, "लकड़ी ला, दीदी." त्याच्या हाताचं पॉलिश मी आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज बघते. अजून कुठे पापुद्रा सुटलेला नाही.

पूजेनंतर आठ-दहा दिवसांनी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, "लकड़ी ला माता आ गे हे, दीदी."

माता म्हणजे इकडे कांजिण्या. पॉलिशचा हात मारला की दोन मिनिटांत त्यावर मसुराच्या दाण्याएवढे गोल खड्डे पडत होते. नवा रायपूरच्या पहिल्या टेबलापासून सुरुवात. तासून पुन्हा मारलं, पुन्हा खड्डे. मी थिनर बदलून दिलं. त्याने फवाऱ्याची बंदूक खोलून धुतली, कॉम्प्रेसरमधलं पाणी काढलं, खोलीला आतून पडदे लावले. माता जाईना. दादांना तिकडून रोज फोन येत होते.

चौथ्या दिवशी तो फळीचा एक छोटा तुकडा घेऊन आला आणि काउंटरवर ठेवला. त्यावर पॉलिश आरशासारखं बसलं होतं, एकही डाग नाही.

"ये ला मैं हाथ के रंधा ले छोले हंव," तो म्हणाला. म्हणजे हा तुकडा त्याने हातरंध्याने तासला होता, मशीनवर घातला नव्हता. "मशीन वाले लकड़ी मा माता आथे, ये मा नइ आवय. काबर, दीदी?"

मी म्हटलं, विचार करते. तो गेल्यावर फळीवरचा एक डबा उतरवला आणि चष्मा लावून त्याची पाठ वाचली. तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ज्या वस्तूला पुढे रंग किंवा पॉलिश द्यायचं आहे तिच्या आसपास वापरू नये.

सिलिकॉन दिसत नाही, हाताला लागत नाही, पण पाटावरून लाकडाला लागतं आणि लाकडावर पॉलिश बसू देत नाही. पॉलिश त्या जागेवरून मागे सरकतं आणि गोल खड्डा राहतो. फिरतूरामने सगळा तपास करून माझ्यासमोर आणून ठेवला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी तेव्हाच उठून दादांकडे जायला हवं होतं. शटर ओढायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, संध्याकाळी जाते, शांतपणे बोलते. दुपारी दादाच आले.

"काढून टाकलं त्याले," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर काढलं. डोक्यावर तेलाचा घाणा घेऊन फिरते अन् म्हणते लाकडाले माता आली! घाम येते, तेल वघळते, ते पडून राहिलं लाकडावर. अन् वरून मलेच सांगते, का मशीन खराब आहे म्हणून. मी म्हटलं, निघ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काहून गप झाल्या, ताई?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्या दोन शब्दांची कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली आहेत. बाबांच्या दुकानातून कधी चुकीचं तेल गेलं नव्हतं. माझा शब्द मानायला गुढियारीच्या लोकांना पंधरा वर्षं लागली होती, आणि एक चूक बाहेर आली असती तर दुसऱ्या दिवशी 'आखिर औरत ही है' हे मीच ऐकलं असतं. शिवाय दादांनी चारचौघांत माझं नाव घेतलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी मी घाबरले, हेच मुख्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर फिरतूराम पायरीवर बसलेला. मी कुलूप काढून शटर वर करेपर्यंत तिथेच बसून राहिला. मग काउंटरपाशी आला.

"दीदी, तेल-ग्रीस के बात आप जानथव. सच बताव. मोर मूड़ के तेल ले अइसन हो सकथे का?"

डोक्याच्या तेलाने असं होऊ शकतं का? होऊ शकतं. कुठल्याही तेलाचा थेंब पॉलिशखाली आला तर खड्डा पडतो. पण पंचवीस वर्षं पडला नव्हता आणि हातरंध्याच्या तुकड्यावरही पडला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. तो माझ्या तोंडून ऐकायला आला होता.

मी म्हटलं, "हो सकता है, भैया."

शब्दाने ते खोटं नव्हतं. त्याने मान हलवली. काउंटरच्या काचेत बघितलं, हात खिशाकडे गेला, कंगवा काढलाच नाही. "हव," एवढंच म्हणून पायरी उतरून गेला.

यापुढचं मी केलं ते शहाणपणाने केलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. दादांकडे जाऊन सांगितलं, ते डबे बिडाला गंज धरवतात असं कळलंय, परत द्या. उरलेले दोन उचलले. माणसं बसवून पाट, रूळ, सगळं थिनरने पुसून घेतलं, दर वेळी नवीन चिंधी, एकदा वापरलेली दुसऱ्यांदा लावायची नाही. भंगार फळ्या मशीनमधून काढल्या, पुन्हा पुसलं, मग मेण. आधीच बिघडलेल्या टेबलांसाठी सांगितलं की पॉलिशच्या आधी चपड्याचा, म्हणजे लाखेचा, एक हात द्या. आपल्या छत्तीसगडच्या जंगलातलीच लाख, खालचं सगळं दाबून धरते. तोवर नवीन पॉलिशवाला आला होता. त्याने पहिलं टेबल केलं, आरसा.

दादा मिठाई घेऊन दुकानात आले. "पाहा ताई, फिरतू गेला अन् माता गेली. मी म्हणत नव्हतो?"

फिरतूराम निर्दोष आहे हे मला एकटीला माहीत होतं, आणि मशीन गुपचूप दुरुस्त करून मीच त्याला दोषी ठरवलं. मोहल्ल्यात गोष्ट पसरली. इतर कारखान्यांनी त्याला घेतलं नाही. नव्या पॉलिशवाल्यांना लोक सांगायचे, डोक्याला तेल लावून येऊ नका, त्या फिरतूसारखं होईल. माझ्याच दुकानात उभे राहून सांगायचे. मी चिंध्यांचं वजन करत असायचे.

तो घरांच्या पुताईला जातो, एवढं कानावर आलं होतं. दोन-तीनदा लांबून दिसला, चुन्याने भरलेला. मी रस्ता बदलला. मनोहरदादा तीन वर्षांपूर्वी वारले. कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे.

गेल्या महिन्यात दुकान आवरायला घेतलं तेव्हा सगळ्यात वरच्या फळीवर ते दोन डबे सापडले. एक हातात धरून स्टुलावर किती वेळ उभी होते कोण जाणे, गुडघे बोलायला लागले तेव्हा खाली उतरले. दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून रिक्षा केली. रेल्वे लाइनीपलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, तो राहतो. नाव सांगितल्यावर पोरांनी थेट दारात नेऊन सोडलं.

त्याची बायको चुलीपाशी होती. तिने ओळखलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. फिरतूराम ओट्यावर गमछा बांधून बसला होता. पुष्कळ म्हातारा दिसत होता. "कइसे आए, दीदी?" म्हणाला, रागाची खूण नाही. मी इकडचं तिकडचं विचारत राहिले. गुडघ्यांवरून बोलणं औषधांवर गेलं, तर बायको म्हणाली, याचं डोकं दुखतं, मालीश करू देत नाही. "ओ दिन ले मूड़ मा तेल नइ डारिस, दीदी. देवारी मा घलो नहीं."

त्या दिवसापासून त्याने डोक्याला तेल लावलं नव्हतं. दिवाळीच्या अंघोळीलासुद्धा नाही.

चहा येईपर्यंत मी थांबले नाही. पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पूजेची चमक, बारीक अक्षर, त्याचा हातरंध्याचा तुकडा, दादा दुपारी आले ते, आणि सकाळी मी त्याला काय म्हटलं ते. हिंदीत सांगताना शब्द सापडत नव्हते, मध्ये मध्ये मराठी आलं, पण त्याला कळत होतं. शेवटी म्हटलं, "मुझे पता था, भैया. उस दिन भी पता था."

त्याने डबा उचलला, फिरवून पाठ बघितली. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. परत ठेवला. बायको चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राहिली होती.

मग त्याने विचारलं, "त मोर हाथ ठीक रिहिस?"

"ठीक होता," मी मराठीतच म्हटलं. "तुमचा हात ठीकच होता."

"हव," तो म्हणाला. मग डोक्याचा गमछा हळूहळू सोडला. खाली काही नव्हतं, नुसती गुळगुळीत टाळू, कानांपाशी चार पांढरे केस. तिच्यावरून तळवा फिरवत माझ्याकडे बघून हसला.

"अब तो चुंदी घलो नइ बांचिस, दीदी."

बायकोही हसली आणि तिने चहा माझ्या हातात दिला. मी तो निवेपर्यंत धरून बसले.